मसुराएवढा चेहरा

आमच्या गावात फोटो काढायचा तर पाय आलेच पाहिजेत, असा नियम होता. तो कुणी घातला ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कमरेपर्यंतचा फोटो म्हणजे मधोमध तोडलेला माणूस. असा फोटो निघाला की माणूस आयुष्याच्या निम्म्यावरच जातो, अशी लहानथोरांची खात्री होती. त्यामुळं माझ्यापुढं उभा राहणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "मास्तर, पाय येतेत न्हवं?" येतात म्हटल्यावर मग छाती फुगवायचा. चेहरा येतो की नाही, हे मला कधीच कुणी विचारलं नाही.

मी मुरूमच्या शाळेत मास्तर होतो. गाव तिथून दोन कोसांवर, रोज सायकलवर जाणं-येणं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं आणि ज्या शाळेत मी उर्दूचं अलिफ-बे घोकलं, तिथल्याच फळ्यावर आता ग म भ न काढत होतो. सगळंच नवं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्यातल्याच एका दिवशी मी सोलापुरातून एक जुना पेटी-कॅमेरा घेऊन आलो. काळी पेटी, पुढं एक डोळा आणि वर बघायला नखाएवढी काच. गावात बातमी पसरली की मास्तरानं माणसं भरून ठेवायची पेटी आणलीय.

पण मला माणसं फारशी नको होती. माझी आवड वेगळीच. कडब्याच्या गंजीची तिन्हीसांजेला पडणारी लांब सावली, बाजारच्या दिवशी मुरूमला पालथी मांडून ठेवलेली मडकी, माळवदावर वाळत घातलेल्या शेवया, पाणी पिऊन झाल्यावर बैलाच्या तोंडाला लोंबणारी धार. असलं काही दिसलं की मी सायकल टाकून द्यायचो. बाजारातला कुंभार हसायचा. "मास्तर, जित्या माणसाचा काडा की. मडक्याचा कसला फोटू?" मी म्हणायचो, "मडकं हलत नाही आणि पाय दाखवा म्हणत नाही." तो आणखीनच हसायचा आणि मडक्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसून द्यायचा.

आईवडील आधीच गेले होते. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि मी. भावाला मी अण्णा म्हणायचो. शेती सगळी तोच बघायचा. त्याला माझ्या छंदाचं भारी कौतुक होतं, पण ते तो चेष्टेतच दाखवायचा. धान्य साठवायच्या बळदाच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून फोटो धुवायचं काम मी तिथं करायचो. कंदिलाला लाल कागद गुंडाळलेला असायचा आणि अण्णा तो धरून उकिडवा बसायचा. औषधात कागद टाकला की त्याचा श्वास अडकायचा. आधी नुसता पांढरा कागद, मग हळूच कुठंतरी एक काळी रेघ. "आला, आला," तो कुजबुजायचा, "शिंगं आली बग." बैलाचा फोटो असला तर कुणाचा बैल ते तो शिंगांवरून ओळखायचा. शेतात दिवसभर राबून आलेला तो माणूस त्या धान्याच्या वासाच्या अंधारात तासन्‌तास बसायचा. माझ्या छंदातला सगळ्यात सुखाचा काळ तोच. पुढं जे झालं ते झालंच, पण तेवढं सुख मात्र मला मिळालं.

आता पाण्याचं सांगतो. फोटोच्या कामात हायपो नावाचं मीठ लागतं. चित्र कागदावर पक्कं करायला ते लागतं, आणि एकदा पक्कं झालं की तेच मीठ कागदातून निपटून धुवून काढावं लागतं. नाही काढलं तर वर्षा-दोन वर्षांनी ते चित्रच खायला लागतं. माझ्याकडं एक पुस्तक होतं, त्यात लिहिलं होतं की फोटो तासभर वाहत्या पाण्यात ठेवावा. ज्यानं लिहिलं त्याच्या मुलखात पाणी वाहत असणार. आमच्याकडं पाणी वाहत नाही, शेंदावं लागतं. फाल्गुन लागला की आडाचा तळ दिसायचा आणि बाया काठावर घागरी मांडून झरा भरायची वाट बघत बसायच्या. तसल्या दिवसांत वहिनी माझ्यापुढं एक घागर आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, तुमचा कागूद बैलापरीस जास्त पानी पितोय." वर पुन्हा तेच पाणी सांडू नका, भांडी विसळायला होईल, असंही बजावायच्या. ते पाणी भांड्यांना चालणार नाही म्हटलं तर कपाळाला हात लावायच्या. मग मी त्याच एका घागरीत पंधरा-वीस फोटो बुचकळून काढायचो. अर्ध्या तहानेचा छंद होता तो. दुसरा परवडणारा नव्हता.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी अण्णाला मुलगी झाली. बारसं माघात होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात पंगत. अण्णानं नवा पटका बांधला होता. चारचौघांत स्वतःचं लेकरू उचलायची पुरुषाला लाज, म्हणून तो नुसता इकडून तिकडं हिंडत होता. मीच हट्ट धरला की बापलेकीचा फोटो काढायचा. त्यानं पोरगी घेतली ती उकळतं पातेलं घ्यावं तशी, अंगापासून लांब. ऊन डोक्यावर आलेलं. पटक्याची सावली त्याच्या डोळ्यांवरून नाकापर्यंत उतरली होती.

मी म्हटलं, "अण्णा, कमरेपर्यंतच घेतो. तोंड चांगलं येईल."

तो माझ्यासाठी तयारही झाला असता. पण वहिनी उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या, "अर्धा काडू नका, भावजी. पोरीच्या बारशाला तरी न्हाय. चांगलं पुरं माणूस घ्या."

मागं बसलेल्या बायांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाबा, अर्ध्याचं लई वंगाळ." मग मी मागं सरकलो. अजून थोडा सरकलो. पाठ गोठ्याच्या भिंतीला लागली तेव्हा अण्णाचे पाय पेटीत आले. नवे करकरीत जोडे, पांढरं धोतर, हातात टोपड्यातलं लेकरू, मागं उघड्या दाराचा काळोख, आणि सगळ्यात वर कुठंतरी त्याचा चेहरा, मसुराच्या दाण्याएवढा. मी खटका दाबला. सगळे खूश झाले आणि पंगतीला बसले.

वैशाखात अण्णाला मुदतीचा ताप आला. आधी अंगारा झाला, काढा झाला, मग बैलगाडीत घालून उमरग्याला निघालो. वाटेतच तो गेला. गाडी थांबवून मी त्याच्या तोंडावरचं उपरणं काढलं आणि पुन्हा घातलं. फोटोत त्याचे पाय आले होते. तरी तो निम्म्यावरच गेला.

माझं लग्न झालं आणि आम्ही नवराबायको मुरूमला खोली करून राहिलो. वहिनींना चला म्हटलं, पण त्यांनी शेत आणि गोठा सोडला नाही. दर रविवारी मी गावी जायचो. पोरगी चालायला लागली, बोलायला लागली. भिंतीवरच्या बापाच्या फोटोत पटका होता, म्हणून दारावरून कुणीही पटकेवाला गेला की "आबा, आबा" म्हणत त्याच्या मागं धावायची. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. एका रविवारी वहिनींनी भिंतीवरचा तो छोटा फोटो काढून माझ्या हातात दिला.

"भावजी, हिला बाप दावायचाय मला. त्वांड दिसंल असा मोटा करून आना. मला येक येळ नका दाऊ, माजं बगून झालंय. पर हिनं बगितलाच न्हाई."

माझ्याजवळ अण्णाचा दुसरा फोटो नव्हता. मडक्यांचे होते, शेवयांचे होते, त्याच्या बैलांचे तर ढीगभर. तो स्वतः नेहमी माझ्या बाजूला कंदील धरून बसलेला. एवढी वर्षं जवळ असलेल्या माणसाचा फोटो कशाला काढायचा, तो काय कुठं पळून चाललाय, असंच वाटत आलं होतं. घरोघर असंच वाटत असतं.

सोलापूरच्या स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा करून दिला. जोडे उत्तम आले होते. धोतराची किनार मोजून घ्यावी अशी स्पष्ट. आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपके, वर पटक्याची सावली, खाली हनुवटी असावी अशी शंका. मसुराचा दाणा मोठा केला म्हणून त्यात नाक-डोळे येत नाहीत. स्टुडिओवाला म्हणाला, "काळजी करू नका, आमचा पेंटर चेहरा भरून देईल. फक्त वर्णन द्या."

पेंटर चांगला माणूस होता. पेन्सिल घेऊन बसला आणि विचारायला लागला. कपाळ रुंद की अरुंद? भुवया जुळलेल्या की सुट्या? नाकाचा शेंडा खाली वळतो का? बैलाच्या तोंडाची धार कशी लोंबते ते मला सांगता आलं असतं. ज्याच्या पाठीवर बसून लहानाचा मोठा झालो, त्याच्या भुवया मला सांगता येईनात. विचारून येतो म्हणून मी उठलो.

गावात विचारलं. जो तो हातातलं काम टाकून सांगायला बसला. "लई देखना गडी." "बोलायला लागला की ऐकत ऱ्हावं." "कुनाच्या अडीनडीला न्हाय म्हनला न्हाई कदी." नाक कसं होतं, म्हटलं तर म्हणायचे, "नाक? नाकासारकं नाक, मास्तर." चेहरा विचारला की लोक माणूस सांगतात. वहिनींनी बराच वेळ डोळे मिटून आठवलं. मग म्हणाल्या, "हसताना डोळे बारीक व्हायचे." पुढं काही सांगायच्या आत त्या रडायला लागल्या आणि मी विचारायचं बंद केलं.

पेंटरनं आपल्या मनानं चेहरा भरला. गोरापान, गुलाबी ओठ, पीळ दिलेल्या मिश्या. चौकट करून मी तो गावी नेला तेव्हा शेजारपाजार जमला. वहिनी पदर सावरून पुढं आल्या आणि त्यांनी निरखून बघितलं. पोरगी त्यांच्या कमरेला बिलगून विचारत होती, ह्योच का आबा, ह्योच का. वहिनी म्हणाल्या, "न्हाय गं बाई. हे कुनाकडचं तरी पावनं हायेत." मग माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, "रागाला येऊ नका, भावजी. पर मी ह्यास्नी वळकत न्हाय." ती चौकट मी परत सायकलला बांधली. येताना वाऱ्यानं तिच्यावर गुंडाळलेला कागद फडफडत होता आणि मला स्वतःच्या डोळ्यांचाच संताप येत होता. भिंतीवर पुन्हा तो छोटा फोटो लागला. मोठी झाली की पोरगी जवळ जाऊन निरखून बघेल, एवढीच आता वहिनींची आशा होती.

पण तो फोटोही जायला लागला.

आधी कडा पिवळ्या पडल्या. मला वाटलं चुलीचा धूर असेल. मग पिवळेपणा आत सरकला. फोटो उतरायला लागला की त्यातलं उजळ तेवढं आधी जातं आणि काळं मागं राहतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे धोतर गेलं. टोपडं गेलं. चेहरा गेला. दाराचा काळोख मात्र जशाच्या तसा होता. दार राहिलं आणि दारातला माणूस गेला. वहिनी रोज सकाळी काच पुसायच्या आणि सणावाराला हार घालायच्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, यात आता काही दिसत नाही." तर म्हणाल्या, "दिसतेत की. नीट बगा." मी नीट बघितलं. बघायचं तेवढंच तर मला येत होतं, आणि मला काही दिसत नव्हतं.

पत्र्याच्या डब्यातून मूळ फिल्म काढली. त्याच घागरीतलं पाणी तिलाही मिळालेलं, त्यात माळवदाखालची उन्हाळ्याची काहिली. तपकिरी डागांनी ती खाऊन टाकली होती. तरी मी गावच्या त्या बळदाच्या खोलीतच तिच्यावरून नवा फोटो केला. त्या वेळी मुरूमहून सायकलला डबे बांधून पाणी आणलं आणि तो कागद इतका धुतला की बोटं सुरकुतली. एवढ्या पाण्यात काय वाचवत होतो देव जाणे. औषधात चित्र वर आलं तेव्हा दार आलं, जोडे आले आणि त्यांच्यामध्ये नुसती धुवट जागा. कंदील मी स्वतःच धरला होता.

त्यानंतर मी चेहऱ्यांच्या मागं लागलो. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, शाळेत, जो दिसेल त्याच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढायचो. लोक चिडायचे. एकानं तर पेटी हिसकावून घेतली, अर्धा काढलास म्हणून. ते चेहरेही ट्रंकेत पडून आहेत आणि तेही पिवळे पडतायत, कारण पाणी काही कुठून वाढलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी ट्रंक उघडतो. निम्म्यांची ओळख पटत नाही. पूर्वी मला वाटायचं, मी दिवस धरून ठेवतोय, आणि त्या वाटण्यात एक मिजास होती. आता वाटतं की मी फक्त जाण्याची गती बघत बसलोय. तरी सायकलवरून जाताना गंजीची सावली दिसली की पाय आपोआप थांबतात. खोड आहे ती. तिचा आता आनंद होत नाही.

पोरीचं लग्न ठरलं. जळकोटकडचं घर, बरी शेती, मुलगा शिकलेला. मांडव दारातच होता. लग्नाच्या दिवशी सकाळी न्हाऊन तिनं देवाला नमस्कार केला, मग भिंतीवरच्या त्या छोट्या फोटोपुढं येऊन हात जोडले. कळायला लागल्यापासून ती त्या पिवळ्या कागदाला नमस्कार करत आली होती आणि तिनं कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिथंच उभी राहून तिनं विचारलं, "आई, आबा दिसायला कसं हुते गं?"

मी खांबाला टेकून बसलो होतो. वहिनी रुखवताच्या पाट्या बांधत होत्या. हात न थांबवता, वर न बघता त्यांनी सांगितलं, "तुज्या काकावानी. हुबेहूब. त्यास्नी बगितलं की तुज्या आबास्नी बगितलं."

अण्णा आणि मी एकमेकांसारखे नव्हतो. अण्णाचं बाकी सगळं माझ्या हातून निसटलं असेल, पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो वडिलांच्या वळणावर गेलेला, मी आईच्या. शाळेत मास्तरांनी मला उभं करून विचारलं होतं की तो खरंच तुझा सख्खा भाऊ का, आणि अख्खा वर्ग हसला होता.

मी वहिनींकडं बघितलं. पोरीची समजूत काढायची म्हणून त्या हे सांगत नव्हत्या. खोटं बोलताना माणसाचा हात कुठंतरी अडखळतो, त्यांचा अडखळला नाही. सुंभाची गाठ मारून त्यांनी पाटी बाजूला सरकवली आणि दुसरी घेतली. ज्या बाईनं पेंटरच्या चित्राला पाहुणा म्हणून परत पाठवलं होतं, तिला आता तिचा नवरा माझ्यासारखा आठवत होता. रविवारमागून रविवार मी त्या घरात जाऊन बसलो, तिच्यासमोर भाकरी खाल्ली, हसलो, म्हातारा होत गेलो, आणि अण्णाच्या रिकाम्या जागी थोडाथोडा माझाच चेहरा भरत गेला.

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण नाही म्हटलं असतं तर पोरीनं विचारलं असतं, मग कसे होते? आणि मला ते सांगता आलं नसतं. त्याचा चेहरा मलाही आठवत नव्हता.

पोरगी माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. कपाळ, भुवया, नाक, ओठ, एकेक करून, सावकाश. बाहेर वाजंत्री सुरू झाली तरी तिची नजर हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. मीही हललो नाही.